पोपट पिसे उपटतो, तेव्हा आधी त्याचा दिवस पाहा

पिंजऱ्याच्या तळाशी दोन-चार पिसे पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ती रोज पडू लागली, छातीवर किंवा पंखाखाली गुलाबी कातडी दिसू लागली, की पहिल्यांदा पक्ष्याचे डोके नीट पाहा. पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. छाती, पोट, मांड्या, पंखांची आतली बाजू उघडी आणि डोके मात्र भरगच्च पिसांचे असेल, तर पक्षी स्वतःच पिसे उपटतो आहे असे समजायला हरकत नाही. डोक्यावरचीही पिसे गेली असतील तर संशय दुसरीकडे न्यावा लागतो. एकतर पिंजऱ्यातला जोडीदार ती ओढत असेल, नाहीतर कातडीचा वा पिसांचा एखादा आजार असेल.

पीसझड ही वेगळी गोष्ट आहे. पोपटवर्गातले पक्षी साधारण वर्षातून एक-दोनदा जुनी पिसे टाकून नवी घेतात. त्यात पिसे डाव्या-उजव्या बाजूला सारखी गळतात, टक्कल पडत नाही, आणि गळालेल्या जागी सुयांसारखी टोकदार कोवळी पिसे उगवताना दिसतात. त्या दिवसांत पक्षी थोडा चिडचिडा होतो, अंग खाजवतो, जास्त झोपतो. तेवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये. उपटलेले पीस बहुधा मुळासकट येते किंवा त्याची दांडी मधूनच चावलेली, कुरतडलेली असते. अशी पिसे टाकून देऊ नका. कागदाच्या पाकिटात जपून ठेवा, डॉक्टरांना ती पाहायला हवी असतात.

सोलापुरात पोपट पाळणाऱ्या घरांची संख्या कमी नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांत, पेठांमधल्या वाड्यांत, विजापूर रस्त्यावरच्या नव्या सोसायट्यांत कुठे ना कुठे पिंजरा टांगलेला दिसतो. बजरी (दुकानात यांनाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात), कॉकटेल, खरे लव्हबर्ड, सन कोन्युर आणि हौस व ऐपत असेल तिथे आफ्रिकन ग्रे. यांतला आफ्रिकन ग्रे आणि काकाकुवा पिसे उपटण्यासाठी जगभर कुप्रसिद्ध आहेत, बजरी आणि कॉकटेलमध्ये हा प्रकार तुलनेने कमी दिसतो. पक्षी कोणताही असो, शेजारपाजारचे सल्ले ठरलेले असतात: खोड आहे, आपोआप जाईल, खोबरेल लावा, उवा झाल्यात, पावडर मारा. या सल्ल्यांनी महिने वाया जातात, आणि पिसे उपटण्याच्या बाबतीत वेळच सर्वांत महत्त्वाचा असतो. काही आठवड्यांची सवय मोडणे सोपे असते, दोन वर्षांची फार अवघड.

आधी डॉक्टर

पिसे उपटणे हे लक्षण आहे. त्यामागे शरीराचे कारण असू शकते, मनाचे असू शकते, आणि पुष्कळदा दोन्ही एकात एक गुंतलेले असते. म्हणून पिंजऱ्यात खेळणी टांगण्यापूर्वी आजार तपासून घ्यायचा, हा क्रम चुकवू नका. कातडीला झालेला जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग, यकृताचा त्रास, पोटातले जंतू, अ जीवनसत्त्वाची कमतरता, चोच आणि पिसांना ग्रासणारा सर्कोव्हायरस, वेडीवाकडी पंखछाटणी केल्याने अंगाला टोचणारी तुटकी पिसे, यांतले काहीही मुळाशी असू शकते. बाहेरच्या किड्यांचा दोष मात्र लोक समजतात तितका नसतो. घरात एकट्या राहणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर तो क्वचितच निघतो.

एका कारणाकडे आपल्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, ते म्हणजे पिंजऱ्याची जाळी. स्वस्त पिंजऱ्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. पोपट दिवसभर चोचीने तार चावतो, जस्ताचे कण पोटात जातात आणि विषबाधा होते. जुन्या रंगातले आणि डाग दिलेल्या सांध्यांतले शिसेही तसेच. पिंजरा नवा असेल तर व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. तरीही धोका पूर्ण जात नाही. शक्य असेल त्यांनी स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगला पावडर कोटिंग केलेला पिंजरा घ्यावा, या खर्चात काटकसर करू नये.

गुराढोरांचे किंवा कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळणे सोपे, पक्ष्यांचा अनुभव असलेले मिळणे कठीण. म्हणून फोनवर आधी सरळ विचारा: तुम्ही पोपट तपासता का? सोलापूरकरांना गरज पडली तर लातूर जिल्ह्यातले उदगीर आणि सातारा जिल्ह्यातले शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुण्या-मुंबईला पक्ष्यांवर काम करणारे डॉक्टरही आहेत. उन्हाळ्यात प्रवास पहाटेच करा. हवा खेळेल अशा छोट्या पेटीत पक्षी ठेवा, वरून पातळ सुती कापड टाका आणि बंद गाडीत त्याला क्षणभरही एकटे सोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचे, हे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे. उपटलेली पिसे, त्याच सकाळची विष्ठा कागदावर घेतलेली, पिंजऱ्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, पक्षी पिसे उपटत असतानाचे चित्रण आणि गेल्या आठवड्यात त्याने प्रत्यक्ष काय खाल्ले याची यादी. वाटीत काय ठेवले ते लिहू नका, पोटात काय गेले ते लिहा. वाटीत पाच प्रकारचे धान्य असते, पण पोपट त्यातले सूर्यफूल तेवढे वेचून खातो. डॉक्टर गरजेप्रमाणे विष्ठा, रक्त, क्ष-किरण आणि पिसावरून विषाणूची तपासणी सुचवतील. मन शांत करणारी औषधेही काही पक्ष्यांना दिली जातात, पण ती डॉक्टरांनी वजनावर मोजून द्यायची असतात. माणसाची गोळी चिमूटभर मोडून पोपटाला देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा पक्ष्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला फार उपयोगी पडतो. रोज सकाळी, खाण्यापूर्वी वजन घ्या आणि वहीत लिहा. बजरी तीस-चाळीस ग्रॅमची, कॉकटेल नव्वद ग्रॅमच्या आसपास. दहा टक्के वजन घटले की पक्षी गंभीर आहे असे समजा. पोपट आजार लपवतो. तो पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तेव्हा फार उशीर झालेला असतो. कातडी फोडून रक्त काढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोवळे रक्ताळ पीस तुटून धार लागली तर स्वच्छ कापसाने दाब द्या, थोडे कॉर्नफ्लोअर पिसाच्या तुटक्या टोकावर दाबून धरा आणि निघा. कातडीच्या उघड्या जखमेवर मात्र पीठ भरू नका.

मंगळवेढ्याचा पोपट आणि आपल्या गॅलरीतला

तपासण्या झाल्या, शरीरात काही सापडले नाही किंवा सापडलेल्यावर उपचार सुरू झाले. आता मुख्य कामाला लागायचे. माझे म्हणणे असे, की पिसे उपटणाऱ्या बहुतेक पक्ष्यांकडे दिवसभरात करण्यासारखे काहीच नसते.

हे समजायला मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या रानात जा. ज्वारी निसवून दाणे भरायला लागले की पोपटांचे थवे उतरतात, आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो. त्या पोपटाकडे बघा. झाडावरून शेतात, शेतातून झाडावर, कणसावर उलटे लटकायचे, एकेक दाणा उकलायचा, हाकारा झाला की थव्याने उडायचे, पुन्हा यायचे. रानातला पोपट दिवसाचे चार ते सहा तास फक्त अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. उरलेला वेळ थव्यातल्या गप्पा, भांडणे, एकमेकांची पिसे साफ करणे यात जातो. आपल्या गॅलरीतल्या पक्ष्यासमोर सकाळी सात वाजता भरलेली वाटी येते. अर्ध्या-पाऊण तासात पोट भरते. मग संध्याकाळपर्यंत चोच आहे, मेंदू आहे, वेळ आहे; आणि चोच लागेल अशी एकच वस्तू जवळ आहे, स्वतःचे अंग.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ॲमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना अन्न शोधून, सोडवून खावे लागेल अशी साधने आणि चढण्या-लटकण्याच्या गोष्टी दिल्या, काहींना साधा पिंजरा. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसे बिघडत गेली, पहिल्या गटाची चांगली राहिली. पुढे दुसऱ्या गटालाही तीच साधने दिली, तेव्हा त्यांचीही पिसे सुधारली. हा शेवटचा भाग मला सगळ्यात आशादायक वाटतो: सुरू झालेले उपटणे वातावरण बदलून कमी होऊ शकते.

यासाठी महागडी परदेशी खेळणी लागत नाहीत. सोलापूरच्या बाजारात हंगामाप्रमाणे जे येते ते पुरेसे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरड्याचे दिवस. दाणे काढून वाटीत घालू नका, अख्खे कोवळे कणीस पिंजऱ्याच्या छताला उलटे बांधा. त्याच सुमाराला येणारे हरभऱ्याचे ढाळे मुळाकडून बांधून टांगा. एकेक घाटा तोडून, फोडून, आतला दाणा काढण्यात पक्ष्याची दुपार जाते. मटाराची बंद शेंग, मक्याचे पाल्यासकट कणीस, डाळिंबाची सालीसकट फोड, शेवग्याच्या पाल्याची जुडी, सगळे असेच द्यायचे: बांधून, टांगून, झाकून. डाळिंबावर आणि भाज्यांवर फवारण्या भरपूर होतात, तेव्हा देण्यापूर्वी पाण्यात भिजवून चांगले धुवा.

हंगाम नसेल तेव्हा कागद आहे. साध्या कागदाच्या पुडीत दोन दाणे बांधा. आधी पुडी पक्ष्यासमोर उघडी ठेवा, त्याला दाणा दिसू द्या. दुसऱ्या दिवशी अर्धी मिटा. मग पूर्ण. मग पुडी मक्याच्या पाल्यात खोचा. ज्या पक्ष्याने आयुष्यभर वाटीतच खाल्ले त्याच्यापुढे एकदम अवघड कोडे ठेवले तर तो घाबरतो आणि उपाशी राहतो. म्हणून पहिल्या आठवड्यात वाटी काढून घेऊ नका, फक्त अर्धी करा, आणि वजनावर लक्ष ठेवा. कडुलिंबाच्या आणि पेरूच्या ताज्या, फवारणी नसलेल्या फांद्या दांडी म्हणून बसवा. वेगवेगळ्या जाडीच्या फांद्यांनी पायाला व्यायाम मिळतो आणि साल सोलणे हा पोपटाचा आवडता उद्योग आहे.

खाण्यात काय असावे, हेही यातच आले. नुसते राळे, बाजरी आणि सूर्यफूल यावर वाढलेल्या पक्ष्याला चरबी भरपूर मिळते, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी. त्याने कातडी कोरडी पडते, खाज सुटते, पिसे ठिसूळ येतात. तांबडा भोपळा, गाजर, पिकलेली पपई, शेवग्याची पाने, कोथिंबीर, मोड आलेली ज्वारी आणि मूग हळूहळू वाढवा. पोपटांसाठीचा तयार पेलेट खाद्याचा पर्यायही चांगला आहे, पण बदल काही आठवडे घेऊन करायचा.

शेंगदाण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागते, कारण तो आपल्या घरात कायम असतो. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन पक्ष्याचे यकृत खाते. स्वच्छ, भाजलेली, बिनमिठाची शेंग टरफलासकट कधीतरी एखादी द्या, तीही काळसर किंवा खवट दाणा नाही ना हे पाहून. शेंगाचटणी अजिबात नको. तिखटाचे पोपटाला काही वाटत नाही, पण चटणीतला लसूण आणि मीठ त्याला बाधते. चहा, चॉकलेट, कांदा आणि ॲव्होकॅडोही वर्ज्य.

ऊन, आवाज, चादर

एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. पत्र्याच्या घरात तर बोलायलाच नको. कोरड्या हवेने कातडी ताणते, खाज सुटते, चोच तिकडे वळते. उपाय साधा: पाणी. उन्हाळ्यात रोज आणि इतर वेळी आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी साध्या पाण्याचा बारीक तुषार वरून पडू द्या किंवा पसरट थाळीत अंघोळीचे पाणी ठेवा. बजरीला ओल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुडीत लोळायला आवडते. संध्याकाळपूर्वी अंग वाळले पाहिजे. कूलरची ओलसर हवा खोलीत असणे चांगले, पण झोत पिंजऱ्यावर सरळ नको, आणि कूलरचे पाणी व गवत स्वच्छ हवे. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगारेट, सुगंधी स्प्रे हे सारे पक्ष्याच्या खोलीबाहेर. नॉनस्टिक भांडे जास्त तापले तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात कधीच नको.

यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा तिला लागून पिंजरा असेल तर तो हलवाच. दिवसभराचा खडखडाट आणि हवेतली कापसाची तूस, दोन्हींचा पक्ष्याला त्रास होतो. सुताचे तुकडे, चिंध्या खेळायला देऊ नका. धागा पायाच्या बोटाला आवळून बोट जाते, गिळला तर पोटात गोळा होतो. रात्री पिंजरा झाकायला घरातली चादर किंवा टॉवेल वापरण्याची पद्धत आहे, पण टॉवेलच्या फासांत नखे अडकतात आणि चादरीच्या झालरीचे धागे पक्षी ओढत बसतो. साधे, पातळ, बिनझालरीचे सुती कापड वापरा आणि एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. दिवाळी असते, मिरवणुकांतला डॉल्बी असतो. आसपास राहणाऱ्यांनी त्या संध्याकाळी पक्षी आतल्या खोलीत न्यावा, खिडक्या लावाव्यात, मंद दिवा ठेवून जवळ बसावे. एका भयंकर रात्रीनंतर उपटणे सुरू झाल्याची उदाहरणे पक्षी पाळणाऱ्यांना नवी नाहीत. एरवीही पिंजरा दाराच्या अगदी समोर ठेवू नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण पक्ष्याला दचकवतो. एक बाजू भिंतीला लागून असली की त्याला सुरक्षित वाटते.

झोप हा विषय घराघरांत दुर्लक्षिलेला आहे. पोपटाला दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर झोपण्यापुरता वेगळा छोटा पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवा. विणीच्या काळात, म्हणजे बहुतेक हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत, काही पक्षी अस्वस्थ होऊन उपटतात. तेव्हा घरट्यासारखे खोके, मडके, अंधारे कोपरे काढून टाका आणि पाठीवरून, शेपटीखालून हात फिरवणे थांबवा. डोके आणि मान खाजवणे पुरे.

पक्षी उपटायला लागला की सगळे घर 'ए राघू, नको!' म्हणून धावते. एकट्या पक्ष्याला तेवढीच सोबत मिळते आणि पुढच्या वेळी सोबत हवी असली की तो पिसाला चोच लावतो. त्या क्षणी काही बोलू नका. तो शांत बसलेला असताना, कणसाशी झटताना, शीळ घालताना जवळ जा, बोला, खाऊ द्या. रोज ठरलेल्या वेळी अर्धा-एक तास पिंजऱ्याबाहेर तुमच्यासोबत, खिडक्या बंद आणि पंखा बंद. सोबत म्हणून घाईने दुसरा पक्षी आणू नका. आणलाच तर महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर एकाचा आजार दोघांना होईल.

तेल, हळदीचा लेप, डांबरगोळ्या, गोचिडाची पावडर, कडू औषधांचे फवारे यांतले काहीही अंगाला लावू नका. तेलाने पिसे चिकटतात, ऊब राहत नाही, आणि पक्षी ते चाटून आणखी आजारी पडतो. गळ्यातली कॉलर फक्त जखम वाचवण्यासाठी आणि डॉक्टरांनी बसवली तरच.

धीर मात्र मोठा हवा. आठवड्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढा, कारण रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. नवी पिसे यायला आठवडे-महिने लागतात, काही पुढच्या पीसझडीलाच येतात. वर्षानुवर्षे उपटलेल्या जागी मूळच मेलेले असते, तिथे पीस कधीच येणार नाही. अशा पक्ष्याने उपटणे थांबवले, वजन राखले, कणसावर लटकू लागला, तर उपचार यशस्वी झाले असेच मी म्हणेन.

आता कायद्याचे. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट आणि त्याच्यापेक्षा मोठा पहाडी पोपट हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास व दंडाची तरतूद आहे. असा पक्षी घरात असेल आणि पिसे उपटत असेल तर गच्चीवरून सोडून देऊ नका. उडता न येणारा, दाणा शोधता न येणारा पक्षी घारीच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा आणि तो त्यांच्या स्वाधीन करा. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी 2024 च्या केंद्रीय नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. बजरी आणि कॉकटेलला ती लागत नाही. आणि बाजारात कुणी कोंबडीच्या खुराड्यात दाटीवाटीने भरलेली हिरवी पिल्ले विकताना दिसला, तर दया येऊन एक विकत घेऊ नका. तुमच्या पैशांनी तो पुढच्या हंगामात आणखी ढोल्या फोडेल. त्याऐवजी तिथूनच 1926 लावा.